सुरंगीच्या झाडावरचा चोर

मी तशी शहाणी बाई आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आणि चहाचा मोठा घोट तोंडात असेल तर गिळून घ्या. हीच गोष्ट ऐकताना ढाणकीतल्या आमच्या शेजारणीला असा ठसका लागला, की तिच्या नव्या कोऱ्या चादरीवर चहाचा डाग पडला. तो डागसुद्धा ती माझ्याच खात्यात मांडते.

तर झालं काय, माझ्या भावाच्या मुलीचं, कल्याणीचं लग्न जुळलं. मुलगा ओंकार, तिच्याबरोबरच पुण्यात नोकरीला. घर कुठलं? थेट वेंगुर्ल्याचं! आमच्या घराण्यात तोवरची सगळ्यात लांबची सोयरीक म्हणजे पुसद. माझ्या भावाने, गजूने, मोबाइलवर नकाशा काढला आणि दोनदा चष्मा पुसला.

"बाई, हे तं पार समुद्रात हाय वो!" मी थोरली, म्हणून तो मला बाई म्हणतो.

"समुद्रात कसं राहीन? काठावर असंन," मी म्हटलं. "पोरगी खुश हाय न? मंग जावाचं."

पोरगी खुश होती, पण तिच्या जिवाला घोर लागला होता. ओंकारच्या आईने तोंडावर नाही, पण आडून विचारलं होतं, इतक्या लांबची माणसं, आपल्या रीतीभाती त्यांना जमतील का? त्यामुळे साखरपुड्याचे ते दोन दिवस सुरळीत पार पडणं फार गरजेचं होतं. निघायच्या आधी कल्याणीने मला एकटीला गाठलं.

"आत्या, तिथं कोनाले काही शिकवू नको. फक्त दोन दिवस."

"मी काहून शिकवीन वो?"

"तू मागच्या वर्षी बँकेच्या मॅनेजरले चपाती लाटाले शिकवलं."

खरं होतं ते. त्याला येत नव्हती.

"आन माझी एकच हौस हाय," ती म्हणाली. "साखरपुड्याले सुरंगीचा गजरा घालाचा. ओंकारनं पह्यल्यांदा मले तोच आनून देल्ता. तिकडं त्याले वळेसर म्हनतात. बाकी मले काहीच नको."

आता बघा, पोरीने साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. फुलं मागितली. मी म्हटलं, जीव गेला तरी चालेल, पण तुझ्या डोक्यात सुरंगी दिसेल. आमचे हे शेतातली हळद शिजवायला मागे राहिले आणि आम्ही निघालो. उमरखेडहून नांदेड, नांदेडहून कोल्हापूर, तिथून घाट उतरून खाली. दीड दिवस लागला.

उन्हाळा नुकताच लागला होता. होळी होऊन आठ-दहा दिवस झालेले. स्टँडवर उतरताच ओंकार म्हणाला, "आत्या, इथे जरा उकडेल हं तुम्हाला."

मी हसले. "किती हाय टेंपरेचर?"

"तेहेतीस."

"तेहेतिसाले आमच्याकडं पंखा नाही लावत, बाप्पा!"

पंधरा मिनिटांत मला देव आठवला. अहो, आमचं ऊन कसं, समोरून येतं, कानफटात मारतं आणि निघून जातं. तिथलं ऊन अंगाला चिकटून बसतं. घाम येतो तो जायचं नावच घेत नाही. मी सवयीप्रमाणे डोक्याला ओढणी गुंडाळली होती, पर्समध्ये लू लागू नये म्हणून कांदा ठेवला होता. ओढणी पिळून पाणी निघालं. कांद्याला कोंब फुटतो की काय अशी मला भीती वाटू लागली.

पण फुलं! ती मात्र मान्य करावी लागतील. घरापर्यंत चालत गेलो तर प्रत्येक फाटकाशी काहीतरी फुललेलं. कुठे सोनचाफा, कुठे अबोली, कुठे मोगऱ्याची अशी गर्दी की पानं दिसेनात. आमच्याकडे मार्चमध्ये पळस पेटतो तो लांबून बघायचा. इथे फुलं माणसांच्या इतकी जवळ राहत होती की, घराघरांत त्यांचं येणं-जाणं असावं असं वाटलं. मी घाम पुसत पुसत प्रत्येक फाटकाशी थांबत होते. गजू मागून "बाई, चाल न" करत होता.

ओंकारच्या घराच्या मागे मोठं परस. तिथे विहिरीशी एक आणि टोकाला दगडी कुंपणाशी, तिकडच्या भाषेत गडग्याशी, एक, अशी दोन सुरंगीची झाडं. उंच, गर्द, काळ्याभोर पानांची. फांद्यांना घट्ट कळ्या चिकटलेल्या. संध्याकाळी मी त्या विहिरीजवळच्या झाडाखाली उभी राहिले आणि असा काही वास आला, की मी घामही विसरले. खरं सांगते, दोन मिनिटं मी कोणालाच काही शिकवलं नाही.

विहीणबाई स्वभावाने चांगल्या, पण मोजून बोलणाऱ्या. मी म्हटलं, "आमच्या कल्यानीले वळेसर पाह्यजे बरं."

"त्याची काळजी नको. आमच्याकडे साखरपुड्याला आलेल्या प्रत्येक बाईला वळेसर द्यायची घरची रीत आहे. सकाळी फुलं मिळतील," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

सकाळी फुलं मिळतील. झालं! माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं.

आता इथे तुम्हाला मोहाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. माझं आजोळ केळापूरकडचं, मोहाच्या झाडांचं. मोहाचं फूल तोडत नाहीत. ते पहाटे आपल्या मनाने खाली पडतं. झाडाखाली आधी झाडून लख्ख करून ठेवायचं आणि उजाडायच्या आत वेचायचं. कोणतं झाड कोणाचं ते गावाला पाठ असतं, दुसऱ्याच्या झाडाखाली पाय ठेवायचा नाही. फुलोऱ्यावर आलेल्या झाडावर चढणं म्हणजे तर पाप. आणि वेचलेली फुलं ढिगात ठेवायची नाहीत, लगेच उन्हात पसरायची. हे मी नऊ वर्षांची असल्यापासून करत आलेले. फुलांच्या बाबतीत मला कोणी काही सांगावं अशी परिस्थिती नव्हती.

मी विचार केला, विहीणबाईंना आज हजार कामं. आपण पहाटे उठू, झाडाखाली झाडू, फुलं वेचून ठेवू. त्या उठतात तर टोपली भरलेली! इतक्या लांबच्या माणसांना रीतीभाती जमतात की नाही, ते त्यांना आपोआप कळेल.

झुंजूमुंजू होत असताना मी खराटा घेऊन परसात गेले. विहिरीवरची मोटर सुरू होती, तिचा घरघर आवाज. झाडाशी पोहोचते तर काय? बुंध्याला शिडी! फांदीवरून दोर खाली सोडलेला, दोराला टोपली, टोपलीत निम्म्यापर्यंत कळ्या! आणि वर पानांत काहीतरी हलतंय.

माझ्या अंगात वारं भरलं. अहो, साखरपुड्याच्या दिवशी, पोरीच्या फुलांवर दरोडा!

"कोन हाय रे वर्ते?"

हलणं थांबलं. वरून आवाज आला, "मी."

"मी म्हंजे कोन?"

"मी म्हणजे मी. तू कोण गे?"

"मी इथली पाव्हनी. तू चोरी करून राह्यला काय?"

आता आमच्याकडचा माणूस असता तर काय म्हणाला असता? चोर असेल तर उडी मारून पळाला असता. नसेल तर "तोंड सांभाळून बोला" म्हणाला असता. वरच्या माणसाने शांतपणे उसासा सोडला.

"होय गे बाय. चोरीच करतंय. तीस वर्सां ह्याच झाडार चोरी करतंय."

"तीस वर्स! आन कोनी पकडलं नाही?"

"तुझीच वाट बघत होतंय."

तिकडची माणसं तिरकं बोलतात, हे मला कोण सांगणार हो? आमच्याकडे माणूस हो म्हणाला की हो. इथे तर चोर स्वतःच्या तोंडाने तीस वर्षांचा कबुलीजबाब देतोय! मी पुढे झाले आणि शिडी काढून घेतली.

"शिडी खंय न्हेतंस गे?"

"आता उतरशीन कसा?"

"ह्या मात्र बरा केलंस," वरचा आवाज म्हणाला. "बस तर मग थंयच."

आरडाओरडा करावा असं आधी वाटलं. पण मी थांबले. शुभ दिवस, घरातली माणसं दमलेली, कशाला गोंधळ घालायचा? सगळे नीट उठतील, आंघोळी होतील, मग आपण सांगू, की विहीणबाई, तुमच्या परसात चोर धरून ठेवलाय, सवडीने बघा. त्यात एक भारदस्तपणा होता. मी शिडी आडवी ठेवली आणि तिच्यावरच बसले.

नुसतं बसवत नाही मला, हे तुम्हाला माहीतच आहे.

"वयानं किती हायस?" मी विचारलं.

"अडुसष्ट."

"लाज नाही वाटत? नातवंडं असतीन घरी."

"आसत. दोन."

"त्याईले काय सांगतस? आबा कुठं गेलते?"

"सुरंगी काढूक गेललंय, असाच सांगतंय."

"पाहा! पोरायसमोर सांगतो! ज्याचं झाड त्याचं फूल, इतकं तं जनावरालेही समजते."

"माझो बापूस पण ह्याच सांगायचो," वरून उत्तर आलं. आवाजात आदर होता. मला वाटलं, बोलण्याचा परिणाम होतोय.

"आन झाडावर चढून कायले तोडतस? फुलाले आपल्या मनानं पडू द्या लागते."

"पडलेल्या सुरंगीक कुत्रा विचारीत नाय, बाय."

हे ऐकून मला त्याची कीवच आली. तीस वर्षं चोरी करून माणसाला फुलातलं एवढंही कळत नाही! मी टोपली दोरातून सोडवली, म्हटलं, माल तरी जप्त करू. जागा झाडून घेतली, घरामागची चटई आणली. जिथे पहिलं ऊन येतं तिथे ती अंथरली आणि सगळ्या कळ्या छान, एकेरी थरात पसरल्या. अशा पसरल्या होत्या म्हणता! आजी असती तर पाठ थोपटली असती.

तेव्हा पहिल्यांदा वरच्या माणसाचा आवाज चढला.

"अगे, काय करतंस? उनात नको घालू! सावळेक ठेव!"

"मले शिकवतो काय? मोहाच्या मुलखातली हाय मी!"

"कळ्ये फुटतले गे! पाया पडतंय तुझ्या!"

आपला माल गेला की चोराचाही जीव तुटतो, मी मनात म्हटलं. लक्ष दिलं नाही. वर मग नुसती पानं हलत राहिली.

ऊन वर आलं तशा झाडावर मधमाश्या आल्या. एक-दोन नाही, सगळं झाड घुमायला लागलं. मला जरा काळजी वाटली, चोर असला तरी माणूस आहे.

"चावून राह्यल्या काय रे?"

"नाय. त्यांका मालक कळता."

याचाही अर्थ मी लावायला हवा होता. नाही लावला.

इतक्यात गडग्याच्या खिंडारातून एक जोडपं आत आलं. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट. बायको नीटनेटकी, हातात कापडी पिशव्या. माणसाने मला बघून हात जोडले. काय ते वळण!

"नमस्कार काकी. लवकर उठलात. साखरपुड्याची पाहुणे मंडळी ना?"

"व्हय. मुलीची आत्या."

"वा वा. आम्ही गडग्याजवळच्या झाडाची फुलं काढायला आलोय. जरा शिडी मिळेल का?"

मी म्हटलं, बघा, हीच ती विहीणबाईंची माणसं. सकाळी फुलं मिळतील म्हणाल्या होत्या ते हेच. एक क्षण मनात आलं खरं, की ही माणसंही चढूनच काढणार का? पण आता कोणाला शिकवायचं नाही, असं पोरीने बजावलेलं. नेमकं तिथेच ते मला आठवलं!

माणसाने वर पाहिलं. "वर कोण आहे?"

"चोर!" मी म्हटलं. "तीस वर्सायपासून चोरी करून राह्यला. कबूल झाला."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही पकडलात?"

"म्या. एकटीनं."

"कमाल आहे तुमची," तो म्हणाला. "सोडू नका हं त्याला."

वरून एकदम ओरड सुरू झाली. "अगे बाय! चोर आसत ते! त्यांका शिडी देऊ नको!"

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी म्हटलं. "गप बैस! भल्या मानसाईले चोर म्हनतो?"

शिडी मी नुसती दिली नाही. गडग्याजवळची जमीन खडबडीत, शिडी हलत होती. माणूस पडला तर साखरपुड्याला अपशकुन! म्हणून मी जाऊन ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. तो वरून भराभर कळ्या काढत होता, बायको पिशव्या भरत होती. मी एक डोळा माझ्या चोरावर ठेवून होते. तो बिचारा एव्हाना ओरडून दमला होता आणि पाठ फिरवून बसला होता.

झाड संपलं तशी बायको चटईशी आली. "काकी, ह्या कळ्या उन्हात फुलून जातील. मी सावलीत नेऊन ठेवू का?"

तीच गोष्ट चोराने सांगितली तेव्हा मी ऐकली नाही. पण ही किती गोड बोलत होती! मी स्वतः ओंजळीने भरून त्या कळ्या तिच्या पिशवीत टाकल्या.

"शिडी पलीकडच्या झाडाला लागेल. तासाभरात आणून देतो," तो म्हणाला आणि जाताना माझ्या पाया पडला. मी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, "अशीच बरकत येऊ दे बाप्पा तुमच्या कामाले."

मग मी पदर नीट केला आणि घरात गेले. विहीणबाई चुलीशी होत्या. कल्याणीने नुकते केस धुतलेले, ओंकार नारळ सोलत होता. माझी भावजय अजून पंख्याखालून हललेली नव्हती. गजू पेढे आणायला बाजारात गेलेला.

"विहीनबाई," मी म्हटलं, "घाबरू नका. म्या चोर धरला."

सगळी वरात माझ्यामागून परसात. मी पुढे, ऐटीत. झाडाखाली थांबले आणि वर बोट दाखवलं. विहीणबाईंनी मान वर केली. मग बराच वेळ तशीच ठेवली.

"दादा?" त्या म्हणाल्या.

"गुड मॉर्निंग," झाड म्हणालं.

तरी मी विचारलंच. "तुमच्या वळखीचा हाय?"

"अहो, माझे थोरले भाऊ! ओंकारचे मामा! काल सावंतवाडीला गेले होते, रात्री उशिरा आले. आम्ही त्यांच्याच घरी राहतो; परस त्यांचं, झाडं त्यांची. कल्याणीच्या वळेसरांसाठी अंधारात उठून कळ्या काढतो म्हणाले, ऊन लागलं की त्या उमलतात म्हणून!"

साखरपुड्यात मामाचा मान केवढा असतो! आणि तो मान मी दीड तास झाडावर अडकवून ठेवला होता. वर त्याला नातवंडांवरून बोलले होते.

"शिडी कुठे आहे?" ओंकारने विचारलं.

"नेली न. तुमच्या मानसाईनं."

"कुठली माणसं?"

"थे नवराबायको. फुलं काढाले आलते थे. तुमीच सांगतलं न त्याईले?"

विहीणबाईंनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मी सांगतंय," वरून मामा म्हणाले. "दीड तास माका वरसून सगळा दिसत होता. गडग्याकडचा झाड साफ झाला. चटयेवरचा पण गेला. शिडी पण गेली. शिडी धरलेली कोणी, ता पण सांगू?"

कोणी हसलं नाही. आणि मला, सांगते, रडू आलं. एरवी मी सहजी रडत नाही. पण कल्याणी ओले केस तसेच सोडून त्या रिकाम्या चटईकडे बघत होती. ती रागावली असती, ओरडली असती तर मी उलट ओरडून मोकळी झाले असते.

"आत्या," ती एवढंच म्हणाली, "एकच तं मांगलं होतं म्या."

जमिनीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पोरीची हौस गेली, विहीणबाईंची रीत मोडली, आणि लांबची माणसं कशी असतात, या त्यांच्या शंकेला मी शिडी धरून उत्तर दिलं होतं.

शेजारून दुसरी शिडी मिळवायला आणखी तास गेला. मामा उतरले. बारीक, उंच माणूस, डोक्याला पंचा, पांढऱ्या मिश्या. मी पाया पडायला वाकले तर ते दोन पावलं मागे सरले.

"नको गे बाय. तू पाया पडलंस तर आणि काय काढून घेशीत काय म्हायत!"

तेव्हा विहीणबाई हसल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग चांगल्या खदखदून. "दादाच्या तोंडाला लागायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती हो! दीड तास? एकटीने?"

मामांनी पंचा सोडला. त्यात काय असावं? वळेसर! पिवळाधमक, गच्च ओवलेला. त्यांच्या खिशात दोऱ्याचं रीळ असतंच. मी खालून भाषण देत होते तेव्हा ते वर सावलीत बसून हाताला लागतील त्या कळ्या काढत होते आणि ओवत होते.

"माका वर दुसरा काम काय होता?" ते म्हणाले आणि वळेसर कल्याणीच्या हातात ठेवला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या तर होतंच. तिने तो वास घेतला आणि माझ्याकडे बघून हसली. माझा जीव भांड्यात पडला. निदान एक तरी फूल ह्या घरात माझ्या तावडीतून सुटलं होतं.

पण बाकी बायकांचं काय? अकराजणी येणार होत्या. विहीणबाई बोटांवर मोजत म्हणाल्या, "यंदा पहिल्यांदाच रीत चुकणार बघा."

आणि नेमका त्याच वेळी गजू आला. एका हातात पेढे, दुसऱ्या हातात केळीच्या पानात बांधलेलं भलंमोठं पुडकं. चेहऱ्यावर असा आनंद, की त्याला लॉटरी लागली असावी.

"बाई, पाह्य काय आनलं! सुरंगी! आपल्या कल्यानीची हौस!" त्याने पुडकं उघडलं. वळेसरच वळेसर! अजून ओले, ताजे. "बाजारात एक नवराबायको बसलते. काय सोन्यासारखे मानसं वो! म्या तोंड उघडलं तं लगेच वळखलं, म्हने, तुमी त्या साखरपुड्याचेच पाव्हने न? म्या म्हटलं, हो. तं म्हने, घ्या सगळे, तुमाले कमी भावात."

ओंकार एकदम दुसरीकडे बघायला लागला. मामा मिशीवरून हात फिरवत होते. विहीणबाईंच्या तोंडाला पुन्हा पदर गेला.

"आन हा पाह्य," गजू म्हणाला आणि वेगळा ठेवलेला एक वळेसर काढला. सगळ्यात लांब, सगळ्यात दाट. "याचे पैसे घेतलेच नाही. त्या बाईनं खास देला. म्हने, तुमच्या काकीले द्या, लय मदत केली सकाळी." तो निरागसपणे माझ्याकडे बघत राहिला. "कोनाले मदत केली वो बाई तू?"

शेवटी मामाच पुढे आले, गजूच्या हातातला तो वळेसर त्यांनी घेतला आणि माझ्यासमोर धरला.

"घाल गे बाय," ते म्हणाले. "तुझ्या कष्टाचो आसा."

घातला.